इयत्ता आली, तेव्हा मागे पडणारे मूलही आले

महाराष्ट्रात एखाद्या मुलाबद्दल 'तो एक वर्ष मागे पडला' असे म्हटले, की कोणी पुढे काही विचारत नाही. सगळ्यांना कळते. पण एवढ्याशा वाक्यात बरेच काही गृहीत धरलेले असते. सहा वर्षांची सगळी मुले जूनमध्ये एका रेषेवर उभी राहतात, एकच पुस्तक एकाच वेगाने वाचतात आणि एप्रिलमध्ये एकाच ठिकाणी पोचतात. जे पोचले नाही ते मागे पडले. शाळा म्हणजे हेच, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ही व्यवस्था आपल्याकडे जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. ज्यांना आज न्यूरोडायव्हर्स म्हणतात, म्हणजे डिस्लेक्सिया असलेली, एडीएचडी असलेली, स्वमग्न किंवा एकूणच मेंदूची घडण वेगळी असलेली मुले, त्यांना शाळेत सामावून घेण्याची चर्चा आपण सहसा वैद्यकशास्त्रापासून सुरू करतो. ती शाळेच्या इतिहासापासून सुरू करावी, असे मला वाटते. या मुलांचे वेगळेपण शाळेने निर्माण केलेले नाही. त्या वेगळेपणाचे अपयशात रूपांतर मात्र शाळेने केले आहे, आणि ते कधी व कशासाठी केले हे कागदोपत्री दिसते.

पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची माहिती गोळा झाली. १८२० ते १८३० या काळातली ती कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकरांनी संपादित करून प्रसिद्ध केली. त्यातली पंतोजीची शाळा आजच्या शाळेशेजारी ठेवली तर पहिली गोष्ट नजरेत भरते ती अशी, की तिला इयत्ता नव्हती. देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या तरी पडवीत पंधरा-वीस मुले बसत. प्रवेशाचा महिना ठरलेला नव्हता. घरच्यांनी मुहूर्त पाहिला, की मूल शाळेत येई. एक जण धुळाक्षरे गिरवत असे, दुसरा बाराखडीवर, तिसरा जोडाक्षरांवर, चौथा मोडी पत्र वाचत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे तोंडी चाले आणि संध्याकाळी परवचा म्हणून घोकून घेतले जाई. मोठा मुलगा लहान्याला शिकवी. बाराखडीला सहा महिने लागले तरी पुढचा टप्पा तिथेच असे, दोन वर्षे लागली तरी तिथेच असे. मुलगा सावकाश शिकतो हे पंतोजीला दिसत होते, पण तो 'कोणाच्या' मागे आहे असे म्हणायला शेजारी मोजपट्टी नव्हती.

यावरून पंतोजीच्या शाळेला सोन्याचा मुलामा देणे मात्र खोटेपणाचे ठरेल. तिथे मुली नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना ओवरीची पायरीही चढता येत नव्हती. कारकुनी आणि व्यापार यांना लागणारे शिक्षण तिथे मिळे, आणि ज्यांच्या घरी कारकुनी किंवा व्यापार होता त्यांचीच मुले बहुतेक तिथे येत. छडी होती, अंगठे धरून उभे करणे होते. आज ज्या मुलाला आपण एडीएचडीचे निदान देऊ, त्याच्या वाट्याला त्यातले जास्तच आले असणार. ज्याला अक्षर येईनाच, तो मुकाट्याने शाळा सोडून शेतात किंवा दुकानात जाई आणि त्याची नोंदही राहत नसे. तेव्हा ती शाळा समावेशक होती असा माझा दावा नाही. दावा छोटा आहे: प्रत्येक मुलाला त्याच्या टप्प्यावरून पुढे नेणे ही गोष्ट या मातीत कोणी पाहिलीच नव्हती असे म्हणता येणार नाही. साधनांची चणचण असलेल्या, एकशिक्षकी, गावठी शाळांतून ती रोज घडत होती.

मग इयत्ता आली कशी? १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. खाते आले म्हणजे खर्चाचा हिशेब आला, आणि हिशेब द्यायचा तर मोजता येईल असे काही लागते. मेजर कँडींच्या देखरेखीखाली तयार झालेली मराठी क्रमिक पुस्तके होतीच. पहिले पुस्तक म्हणजे पहिली, दुसरे म्हणजे दुसरी, अशी विभागणी त्यामुळे सोपी झाली. वर्षातून एकदा 'दिपोटी', म्हणजे सरकारी तपासनीस, येऊन परीक्षा घेई आणि किती पोरे कोणत्या इयत्तेत उतरली ते लिहून नेई. इंग्लंडात १८६२ साली शाळेचे अनुदान निकालाला बांधण्याचा नियम झाला. त्याच दशकात मुंबई इलाख्यातही निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. अमुक विषयात पास झालेल्या प्रत्येक मुलामागे इतके पैसे. वरच्या टोकाला १८५७ साली विद्यापीठ निघाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली; न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. खालपासून वरपर्यंत शिडी तयार झाली. या शिडीची प्रत्येक पायरी तपासनिसाच्या सोयीने ठरली होती. मुलाच्या शिकण्याचा कोणी अभ्यास केला आणि त्यातून 'एक वर्ष, एक पुस्तक' हे माप निघाले, असे कुठेही घडलेले नाही. निकालावर अनुदान असेल तर सावकाश शिकणारे मूल हे शाळेला परवडेनासे होते, हे उघड आहे. इंग्रज सरकारनेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कर्झनच्या काळात, ही अनुदानपद्धत सोडून दिली. तिने लावलेली सवय मात्र राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, नोव्हेंबर १८९६ मध्ये, प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, चटपटीत, खेळांत कोणाच्या मागे नाही. पण वाचता येत नाही. त्याला अनेक वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाचे मत मॉर्गनने नोंदवून ठेवले आहे: शिकवणे जर सगळे तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. डिस्लेक्सियाच्या इतिहासात हा लेख पायाचा मानतात. मला त्यातले शिक्षकाचे निरीक्षण डॉक्टरच्या निदानाइतकेच मोलाचे वाटते. मुलाच्या मेंदूत काय आहे ते डॉक्टर सांगतो. ते कोणत्या शाळेत आडवे येते आणि कोणत्या शाळेत आले नसते, ते शिक्षक सांगतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणूनच 'हे सगळे शाळेने लावलेले शिक्के आहेत, आजार वगैरे काही नाही' असे म्हणणारे जितके चुकतात, तितकेच 'हा मेंदूचा प्रश्न आहे, शाळा काय करणार' असे म्हणणारेही चुकतात.

तरीही इयत्तेला नुसती नावे ठेवून भागत नाही, कारण तिच्याच दारातून बहुजनांची मुले शाळेत आली. हंटर आयोगापुढे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्ती लागू केली आणि १९०६ मध्ये ती सबंध बडोदे संस्थानात नेली. गोखल्यांचे १९११ चे विधेयक कायदेमंडळात पडले; शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत व सक्तीचे शिक्षण आणले. एवढ्या मुलांना थोड्या पैशांत शिकवायचे तर एक शिक्षक, एक फळा, एक पुस्तक आणि समोर चाळीस-पन्नास मुले, हा मार्ग त्या पिढीला दिसला, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याची किंमत किती होती ते हार्टॉग समितीने १९२९ मध्ये दाखवले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ उरले होते. बाकीचे गळाले, नाहीतर खालच्याच वर्गात बसून राहिले. गरिबी, शेतीची कामे, साथीचे रोग, वाईट शिक्षक, अशी कारणे त्यामागे होतीच. मेंदूच्या घडणीमुळे अडखळणारी मुले या ८२ जणांच्या गर्दीत कुठेतरी होती. त्यांना शोधण्याची कोणाला गरज वाटली नाही, कारण नापास होणे हीच तेव्हाची सर्वसाधारण गोष्ट होती. हे मूल वेगळे आहे हे दिसण्यासाठी आधी बाकीच्या मुलांचे ठीक चालावे लागते.

फ्रान्समध्ये हा क्रम आपल्या आधी घडला. १८८२ मध्ये तिथे शिक्षण सक्तीचे झाले, सगळी मुले वर्गात आली, आणि १९०४ मध्ये सरकारला प्रश्न पडला की नेहमीच्या शिकवण्याने ज्यांना येत नाही त्यांचे काय करायचे. त्यासाठी नेमलेल्या मंडळात आल्फ्रेड बिने होते. १९०५ मध्ये त्यांनी आणि सिमों यांनी आपली बुद्धिमापनाची पट्टी तयार केली. मुलांना हाकलण्यासाठी ती नव्हती. कोणाला जास्तीचे शिकवणे लागेल ते ओळखण्यासाठी होती. बुद्धी जन्मभर एका अंकावर खिळलेली असते, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. ती पट्टी मराठी आणि कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी बसवली आणि १९३४ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आजही आपल्याकडच्या बाल-मार्गदर्शन केंद्रांत कामतांची चाचणी वापरली जाते. याच सुमारास मुंबईत मंदबुद्धी मानलेल्या मुलांसाठी वेगळ्या संस्था निघू लागल्या. मानखुर्दचे निवासी केंद्र १९४१ चे, जय वकील शाळा १९४४ ची. ज्या मुलांसाठी काहीच नव्हते त्यांच्यासाठी या संस्थांनी जे केले, त्याबद्दल आदरच वाटतो. पण त्यामुळे लोकांच्या मनात मुलांचे दोन ढीग पडले: शाळेतली आणि विशेष शाळेतली. ज्याचा बुद्ध्यंक चांगला आहे पण वेलांटी कुठली आणि जोडाक्षर कसे याचा मेळ बसत नाही, जे बाकावर दहा मिनिटे टिकत नाही, ज्याला वर्गाचा गोंगाट सोसत नाही, ते मूल या दोन्ही ढिगांत बसत नव्हते. त्याला शाळेत 'ढ' म्हणत, आळशी म्हणत, घरी द्वाड म्हणत.

याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वेगळा प्रयोग चालू होता, आणि समावेशक शिक्षणाच्या चर्चेत त्याचे नाव इतके कमी येते याचे मला वाईट वाटते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघातून पुढे आलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, शाळेचा आकारच मुलांप्रमाणे बदलून पाहिला. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. मोठी मुले गुरे राखायला जातात, तर कुरणावर शाळा भरवायची. या प्रयोगांचा रोख मेंदूच्या वेगळेपणाकडे नव्हता, आदिवासी मुलांच्या जगण्याकडे होता; तो ओढूनताणून आजच्या शब्दांत बसवणे बरे नव्हे. तरी त्यामागचे तत्त्व स्पष्ट आहे. मूल शाळेत बसत नसेल तर आधी शाळेची वेळ, जागा, साधने आणि वेग तपासायचा. माँटेसरींच्या पद्धतीचा पाया त्याला होता, आणि माँटेसरींनी आपली साधने रोममध्ये सर्वप्रथम मंदबुद्धी म्हणून वेगळ्या काढलेल्या मुलांबरोबर काम करताना विकसित केली होती. अडखळणाऱ्या मुलांसाठी शोधलेले शिकवणे सगळ्यांनाच मानवते, याचा यापेक्षा मोठा पुरावा शिक्षणाच्या इतिहासात क्वचित सापडेल.

मॉर्गनच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षांत सवलती दिल्या. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गरज असेल तिथे लेखनिक, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. त्यावेळी लागू असलेल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. ती केंद्राच्या कायद्यात आली २०१६ मध्ये, एकवीस प्रकारांच्या यादीत, स्वमग्नतेबरोबर. म्हणजे महाराष्ट्र देशाच्या वीस वर्षे पुढे होता, आणि त्याचे श्रेय पालक, शिक्षक आणि सार्वजनिक रुग्णालयांतल्या डॉक्टरांना आहे. या सवलतींनी हजारो मुलांची दहावी सुटली, हे ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी नापास मुलाचे घर पाहिलेले नाही.

पण सवलत शिडीच्या शेवटच्या पायरीवर मिळाली. पहिली ते नववी मुलाने कसे काढायचे याबद्दल त्या निर्णयात फारसे काही नव्हते. शिवाय सवलतीला दाखला लागे, दाखल्याला तपासणी लागे, आणि तपासणीची सोय मुख्यतः मुंबईसारख्या शहरांतल्या मोजक्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत होती. मराठीतून शिकणाऱ्या मुलाची मराठी वाचनातली अडचण मोजायला प्रमाणित साधनही नीट नव्हते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी तयार केलेली 'डाली' चाचणी २०१५ मध्ये आली. सवलत आणि ते साधन यांच्यात एकोणीस वर्षांचे अंतर पडले. साहजिकच ज्यांना डॉक्टर, समुपदेशक आणि कागदपत्रे यांची माहिती होती त्यांची मुले आधी पोचली. गडचिरोलीतल्या किंवा जतमधल्या आश्रमशाळेतल्या मुलाला डिस्लेक्सिया कमी होतो असे नाही; त्याला दाखला कमी मिळतो.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सवलतींचा गैरफायदा घेतला जातो, खोटे दाखले मिळतात, आणि त्यामुळे परीक्षेचा दर्जा घसरतो. गैरफायदा होतो, हे मान्य. पण तो कशामुळे होतो ते पाहावे. वाढीव अर्धा तास ही दुर्मिळ वस्तू करून ठेवली, की तिचा बाजार होणारच. ज्या परीक्षेत वेग मोजायचा नाही तिथे सगळ्यांनाच पुरेसा वेळ दिला, तर त्या वेळेसाठी दाखल्याची गरज उरत नाही आणि खोट्या दाखल्याचीही नाही. इतिहासाच्या पेपरात मुलाला इतिहास कळला का हे पाहायचे असेल, तर त्याने तो किती झपाट्याने लिहिला याला गुण का असावेत, याचे शैक्षणिक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही. तपासनिसाच्या सोयीखेरीज त्याला आधार दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो शिक्षकांकडून येतो. वर्गात चाळीस मुले, त्यात जनगणना, निवडणुका, पोषण आहाराच्या नोंदी. प्रत्येकाच्या वेगाने शिकवणार कसे? या प्रश्नात तक्रारीपेक्षा थकवा जास्त आहे, आणि त्याला उपदेशाने उत्तर देणे हा अन्याय होईल. पण उत्तराचा काही भाग त्याच शिक्षकांच्या कामात आहे. महाराष्ट्रातल्या वाडी-वस्तीवरच्या हजारो जिल्हा परिषद शाळा दोनशिक्षकी आहेत. तिथे एकाच खोलीत पहिली-दुसरी किंवा पहिली ते चौथी एकत्र बसते. तिथला चांगला शिक्षक गट करतो, मोठ्याला लहान्याशेजारी बसवतो, एका गटाला कार्डे देतो आणि दुसऱ्याकडून वाचून घेतो. आपण याला नाइलाज समजतो. पण दुसरीतल्या मुलाच्या कानावर तिथे पहिलीचे वाचन पुन्हा पडते, चौथीच्या गोष्टी आधीच ऐकू येतात, आणि कोण कुठल्या टप्प्यावर आहे हे शिक्षकाला इयत्तेच्या पाटीवरून ठरवता येत नाही. मुलाकडेच पाहावे लागते. अशा शाळा पटसंख्येच्या हिशेबात गुंडाळून मोठ्या शाळेत मिसळण्याचा विचार होतो, तेव्हा हा अनुभवही गुंडाळला जातो. शहरातल्या साठ मुलांच्या वर्गाला मात्र हे उत्तर पुरत नाही, हे खरे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तिथे प्रश्न पद्धतीचा नाही, नेमणुकांचा आणि पैशाचा आहे, आणि तो शिक्षकाच्या माथी मारू नये.

काही मुलांना नेहमीच्या वर्गापेक्षा विशेष शाळाच हवी असते, असेही म्हणतात. खरे आहे. ज्याला बोलता येत नाही, ज्याला स्पर्शही सोसत नाही, त्याला 'समावेशन' या नावाखाली गर्दीच्या वर्गात ढकलणे क्रूर ठरेल. २०१६ च्या कायद्यानेही जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाकडे ठेवली आहे. पण निवड तेव्हाच खरी, जेव्हा जवळच्या शाळेत काहीतरी असते. आज बहुतेकांच्या बाबतीत विशेष शाळा निवडली जात नाही, तर नेहमीची शाळा सुटते.

शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाचे कर्तव्य लिहिले आहे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि लागेल तिथे जास्तीचे शिकवायचे. त्याच कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे न ठेवण्याचे सांगितले होते. यातला दुसरा भाग गाजला, पहिला विसरला गेला. मुले न शिकताच पुढे गेली, आणि दोष 'नापास न करण्याला' मिळाला. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीची परीक्षा पुन्हा आणली. ज्या मुलाकडून तीन वर्षे कोणी जवळ बसवून वाचून घेतलेले नाही, त्याला पाचवीत नापास केल्याने वाचता येऊ लागेल असे मानायला हार्टॉगच्या आकड्यांत तरी आधार नाही. त्या आकड्यांत नापासांची कमतरता नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर प्रत्येकी एक, अशी ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली. एका केंद्राखाली बऱ्याच शाळा येतात, तेव्हा हा शिक्षक एका शाळेत महिन्यातून फार थोडे दिवस पोचणार. ते दिवस नोंदवह्या भरण्यात आणि दाखल्यांच्या शिबिरांसाठी याद्या करण्यात गेले, तर १९९६ च्याच चाकोरीची ती पुढची आवृत्ती होईल. तेच दिवस त्याने पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षकाशेजारी बसून घालवले, कोणते मूल अक्षराचा आवाज धरत नाही, कोणाला सूचना एकेक करून द्याव्या लागतात, कोणाला खिडकीजवळची शांत जागा हवी, हे दोघांनी मिळून ठरवले, तर त्यातल्या पुष्कळ मुलांना पुढे दाखल्यासाठी धावावेच लागणार नाही. या पदांच्या कामाचे तास कशावर खर्च व्हावेत, हे आदेशात लिहिता येते. ते लिहिले जावे यासाठी शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी आताच धरून बसायला हवे.